खवल्याचं वेटोळं

बयाबाई म्हशीला आंबोण ठेवायला गोठ्यात शिरली, तर कोपऱ्यातल्या पिंपातून खरवडल्यासारखा आवाज आला. पिंपाच्या तोंडावर पाटा ठेवलेला. घोरपड असेल म्हणून तिने तो बेताने सरकवला आणि आत डोकावली.

तळाशी एक गोळा होता. कौलावर कौल चढवावं तसे खवल्यावर खवले, मातकट, कडांना जुन्या पितळेची चमक. ना तोंड दिसत होतं, ना पाय. गोळा मात्र श्वास घेत होता.

"वयनी, झाक ते!" मागून सखा आला. तिचा धाकटा दीर. उमरठच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या त्या वाडीत दोघांची घरं एकाच अंगणात होती. "खवल्या हाय. पहाटे बिळातनं खणून काढला. सांजच्याला जितेश जीप घेऊन येतोय."

जितेश खालच्या गावातला. मुंबईला राहून आलेला. दिवाळीपासून तो वाडीवर चकरा मारत होता. "खवल्याला फॉरेनमध्ये लई डिमांड आहे. माल द्या, बाकी टेन्शन मेरा," म्हणायचा.

त्याच सुमारास वनरक्षक उज्वलाबाईही आल्या होत्या. देवळाच्या सभामंडपात त्यांनी खवले मांजराचं चित्र दाखवलं. हे जनावर चोरून परदेशी जातं, आपल्या डोंगरातून संपत चाललंय, तुम्ही आमचे डोळे झालात तरच वाचेल, असं सांगितलं. तेव्हा सखाच उठून म्हणाला होता, "बिबळ्या शेळी नेतो तवा कोण येतं आमच्याकडं?" बाई म्हणाल्या, "मी येईन." आणि वाडीतल्या राहीबाईची शेळी गेली तेव्हा त्या खरंच चालत वर आल्या होत्या. पंचनामा करून, राहीबाईच्या हातचा चहा पिऊन गेल्या.

"भावजी, पिंपात गुदमरंल ते," बयाबाई म्हणाली. "जरा भायेर काढू."

सखाला ते पटलं. मेलेल्या खवल्याचे जितेश निम्मेच पैसे देणार होता. दोघांनी पिंप आडवं केलं. गोळा गडगडत अंगणात आला आणि तुळशीपाशी थांबला. बयाबाईने वाडग्यात पाणी ठेवलं आणि दोघं पडवीत जाऊन बसली.

उन्हं वर आली. गोळा हलला नाही. सखाची बिडी विझली, तरी नाही. मग खवल्यांच्या दोन ओळींमध्ये बोटभर फट पडली आणि तिच्यातून एक नाक बाहेर आलं. ओलं, गुलाबी, करंगळीएवढं.

"एवढुसं कसं रे?" बयाबाई पुटपुटली.

फट आणखी रुंदावली. आत पिल्लू होतं. त्याचे खवले अजून कोवळे, कणसाच्या आतल्या पानासारखे फिके. आईने त्याला पोटाशी धरून वरून शेपटीचं कडं घातलं होतं. पिल्लाने डोळे मिचकावले, ऊन पाहिलं आणि पुन्हा आत तोंड खुपसलं. लगेच फट मिटली.

बयाबाईचा जन्म डोंगरात गेला, पण असं काही तिने पाहिलं नव्हतं. आपण आपल्याच अंगणात नाही, कुठल्या तरी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसलोय, असं तिला वाटलं.

सखाचा चेहरा उतरला होता. "मी कुदळीच्या दांड्यानं हाणलं गो तिला," तो म्हणाला. "उलगडावी म्हणून. लई हाणलं. ती उघडलीच नाय. मला वाटलं, भ्यालंय जनावर."

बयाबाई उठली आणि फोनला रेंज मिळते त्या कातळावर जाऊन तिने उज्वलाबाईंना सगळं सांगितलं.

बाई वर पोचेपर्यंत अंगणात अख्खी वाडी जमली होती. एरवी चार बायका जमल्या की कालवा व्हायचा. आज कुणी खोकतसुद्धा नव्हतं. सखा पुढे झाला. "बाई, धरलं मीच. गुन्हा माझाबी हाय. लिवा."

"लिहावं लागेल, सखाराम," बाई म्हणाल्या. "पण कुणासाठी धरलं, तेही सांगाल?"

"सांगतो. कोर्टातबी सांगतो."

दिवस कलताना पायवाटेच्या तोंडाशी जीप आली. बाई आणि त्यांची माणसं गोठ्याआड होती. वाडीची माणसं वाटेवरच बसलेली, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट.

"क्या हुआ, मयत-बियत आहे काय?" जितेश हसला. "सखाभाऊ, माल?"

"माल नाय," बयाबाई म्हणाली. "लेकुरवाळी हाय ती. नाय मिळायची."

जितेश जीप वळवू लागला, पण मागची वाटही माणसांनी भरली होती. बाईंच्या माणसांनी गोठ्याआडून येऊन झडती घेतली, तेव्हा जीपमधल्या गोणीत सुकवलेले खवले निघाले. पूर्वी मारलेल्या कितीतरी जनावरांचे. बयाबाईने मूठभर उचलले आणि एकेक करून बाईंच्या हातावर ठेवले.

सूर्य मावळताना बाईंच्या सांगण्यावरून सखाने गोळा घोंगडीत उचलला आणि आपणच खणलेल्या बिळापाशी, करवंदीच्या जाळीत नेऊन ठेवला. सगळे मागे सरले. बऱ्याच वेळाने ती उलगडली. मागच्या पायांवर माणसासारखी उभी राहिली, पुढचे पंजे छातीशी धरून चहूकडे वास घेऊ लागली. मग शेपटी जमिनीला टेकवली. पिल्लू धडपडत त्या शेपटीवर चढलं आणि घट्ट चिकटलं. त्याला घेऊन ती डुलत डुलत निघाली, जणू एखादं कौलारू घर पाय फुटून चाललं होतं. राहीबाईने नकळत हात जोडले.

खटला रेंगाळला. तारखेला सखा महाडला जायचा आणि साक्षीत त्याने दांड्याचंही लपवलं नाही. त्यालाही शिक्षेची भीती होतीच. ती त्याने शेवटपर्यंत बाळगली, पण जबाब फिरवला नाही.

त्या वर्षी पाऊस पडेपर्यंत वाडीतल्या कुणीच त्या जाळीच्या अंगाला शेरडं नेली नाहीत. चारा तिकडेच चांगला होता. तसं कुणी ठरवलंही नव्हतं.