दीपमालाच्या खिडकीतला बोर्ड

श्रीदेवी आणि दीपमाला सहा वर्षं एकाच एसटीनं धाराशिवहून येडशीच्या शाळेत शिकवायला जात होत्या. इमारतही एकच. दीपमाला तळमजल्यावर, श्रीदेवी दुसऱ्या मजल्यावर. जूनमध्ये दीपमालानं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि मुख्याध्यापिका महादेवी मॅडम तिच्या मागं बसून येऊ लागल्या. बस थांब्यावर थांबली की स्कूटर शेजारून निघून जायची. मॅडमचा हात दीपमालाच्या खांद्यावर असायचा. तो हात श्रीदेवीला शाळा सुटेपर्यंत दिसत राहायचा.

दसऱ्याआधी ती शोरूममध्ये गेली. दीपमालाची गाडी एका चार्जिंगवर ऐंशी किलोमीटर चालते, हे तिला पाठ होतं.

"ऐंशीच्या वर कोणती?"

"तुमच्या बजेटात ही. एकशेवीस म्हणतात, शंभराच्या आसपास धरा. पण हिची बॅटरी निघत नाही, ताई. गाडी लावता तिथं प्लग आहे ना?"

प्लग नव्हता. नाही म्हटलं, तर हा सेल्समन बॅटरी निघणारी, दीपमालाचीच गाडी पुढं करणार.

"आहे की," श्रीदेवी म्हणाली.

रविवारी चाकाखाली लिंबू ठेवलं. दीपमाला ओवाळायला ताट घेऊन आली.

"लई देखणी गं! बॅटरी कुठनं काढायची?"

"निघत न्हाय."

"मग वर कशी नेतीस? गाडीच जिन्यावरनं चढवणार व्हय?"

जमलेल्या बाया हसल्या.

"तुझ्यावाणी रोज चार्ज करावी लागत न्हाय," श्रीदेवी म्हणाली आणि लिंबावरून गाडी नेली.

सोमवारी ती मुद्दाम मॅडमच्या दारावरून गेली. मॅडम दीपमालाच्या मागं बसतच होत्या. "छान आहे हो," एवढंच म्हणाल्या.

येणं-जाणं बेचाळीस किलोमीटर. मंगळवारी संध्याकाळी अकरा टक्के उरले. उद्या पुन्हा एसटीत बसलं, तर शेजारून जाताना मॅडम बघणार. श्रीदेवी दहा मिनिटं जिन्यात उभी राहिली. मग तिनं तळमजल्याचं दार वाजवलं.

"दीपमाला, जरा एक प्लग..."

"खिडकीत बोर्ड लावलाय बघ. पूजेच्याच दिवशी लावला. म्हटलं, कधी येतीस."

"सांगायचं तरी."

"तू इचारायला नको व्हय?"

श्रीदेवीनं गजांतून हात घालून वायर जोडली. आत पिठाच्या डब्याशेजारी दीपमालाची बॅटरी होती, वर विणलेला रुमाल टाकलेला. तिचा हिरवा दिवा कधीच लागला होता.