बाहेरून आरसा

मुरारी उतेकराच्या नव्या घराला खिडकी होती आणि खिडकीसमोर प्रयागबाई होती. पोलादपूरचा गवंडी म्हणाला होता, खिडकी पूर्वेला ठेवा, सकाळचं ऊन घरात येईल. ऊन येत होतं, पण प्रयागबाईच्या डोक्यावरून. तिचा ओटा इतका जवळ की तिने मशेरीची पिंक टाकली की मुरारीच्या नव्या रंगाला नक्षी व्हायची. म्हातारी नात्याने काकी लागायची. दिवसभर ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसे. तांदळाला तिला हात पुरत. डोळे मोकळेच असत.

मुरारीला वाडीतल्या माणसांची मनापासून कीव यायची. जन्म इथलाच, पण फोर्टातल्या एका कंपनीत आयुष्य काढल्यावर माणसाची नजर सुधारते. या लोकांना दार वाजवणं ठाऊक नाही. खिडकीतून डोकं आत घालून 'आज काय केलंय गो?' विचारतात, आणि उत्तर आवडलं तर वाटीही आत घालतात.

'हापिसात असतो' एवढंच तो गणपतीला आला की सांगायचा. बाकीचं गावाने आपणहून ठरवलं आणि त्याला साहेब म्हणू लागलं. गावाचा गैरसमज दूर करण्याइतका मुरारी उद्धट नव्हता. खरं म्हणजे तो साहेबाच्या केबिनबाहेर स्टुलावर बसायचा. शिपाई होता, आणि चांगला शिपाई होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

आता काळकाईच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला होता. समितीचा अध्यक्ष आजवर कोंडाजी मोरे. म्हशीचे दात बघून तिचं वय सांगणं ही कोंडाजीची सगळी विद्वत्ता. या खेपेला लोक म्हणू लागले होते, साहेब गावात असताना कोंडाजी कशाला? दसरा झाला की बैठक होती. मुरारीने अध्यक्षाच्या खुर्चीत कसं बसायचं हेही ठरवून ठेवलं होतं: जरा तिरकं, साहेब बसायचा तसं.

पण मधे चहा होता.

मंजुळा, त्याची बायको, जन्मभर गावीच राहिली होती. भातशेती, गुरं, सासूचं दुखणं, सगळं तिने एकटीने ओढलं. एकदा डोळे दाखवायला मुंबईला गेली असताना तिने ते स्टूल पाहिलं होतं. तेव्हा काही बोलली नाही. मुरारी कायमचा घरी आला त्या संध्याकाळी ती महाडहून आणलेल्या नव्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "चहा आणा."

"मी?"

"तिकडं परक्यांना देत होता ना? इकडं मला द्या. माझं हापिस आता सुटलं."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मुरारी तिला चहा देऊ लागला. आणि त्याला तो एकाच पद्धतीने देता यायचा. ट्रे, हातावर नॅपकिन, उजव्या बाजूने जायचं, कप ठेवून अर्धं पाऊल मागे सरायचं आणि रिकामा होईपर्यंत उभं राहायचं. हाताला वळणच तसं होतं. हे दृश्य प्रयागबाईने एकदा पाहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या स्टँडवर कंडक्टरनेही विचारलं असतं.

पहिल्यांदा त्याने खिडकी नुसती लावून घेतली. पण वाडीत निजानीज होण्याआधी लावलेल्या खिडकीचा अर्थ एकच: आत कुणीतरी आजारी आहे. चहाचं आधण येण्याआधी प्रयागबाई पेजेचा टोप घेऊन दारात हजर.

"काय रे मुरारी, बरं नाय?"

"बरा आहे की, काकी."

"मग खिडकी का लावलंस? मंजुळीचं काय दुखतंय?"

पाठोपाठ कोंडाजी आला. रिक्षा सांगू काय म्हणाला. मुरारीला समोर धडधाकट पाहून थोडा नाराज होऊन गेला.

मग दोघं नवराबायको महाडला गेली, पडद्यांच्या दुकानात. दुकानदाराने आधी जाळीचा पडदा काढला. मुरारी म्हणाला, "मासे धरायचे नाहीत आम्हाला." मग फुलांचा निघाला, मग मोरांचा, मग एक निळसर, ज्यावर घोडे पळत होते. मुरारीने प्रत्येक पडदा दुकानदाराला हातात धरायला लावला आणि मंजुळेला त्याच्यामागे उभं केलं.

"दिसतेस," तो म्हणायचा. "दुसरा काढा."

मोरांच्या मागून मंजुळा म्हणाली, "मला तुम्ही दिसता."

"मी दिसलो तर चालेल. तू दिसता कामा नये."

"येवढी कुणाची नजर नको तर शिवथरच्या घळीत जाऊन बसा. तिकडं खिडकीच नाय."

दुकानदार हसला. मुरारीने त्याच्याकडे, साहेब मुरारीकडे बघायचा तसं बघितलं. शेवटी मातकट रंगाचा जाड पडदा घेतला. त्यामागे उभी राहून मंजुळा गुदमरली, तेव्हा मुरारीची खात्री पटली.

तो पडदा आठवडाभरही टिकला नाही. वाडीचं एकमत झालं की माणूस दिवसा अंधार करून बसतो, म्हणजे उजेड सोसत नाही, म्हणजे कावीळ. वरंधला कुणीतरी मुळी देत असे. प्रयागबाईने ती मागवली, उगाळली आणि वाटी हातात घेऊन समोर उभी राहिली. मुरारीपुढे दोनच वाटा होत्या. पडदा कशासाठी लावला ते सांगायचं, किंवा मुळी प्यायची. तो मुळी प्यायला.

"डोळं पांढरं झालं बघ," प्रयागबाई समाधानाने म्हणाली.

त्या रात्री पोटाला हात लावून पडल्या पडल्या मुरारीला साहेबाची केबिन आठवली. केबिनला काच होती, आणि ती बाहेरून आरसा होती. साहेबाला सगळे दिसायचे, साहेब कुणाला दिसायचा नाही. मुरारी स्वतः त्या काचेत रोज भांग पाडायचा. पलीकडून साहेब बघत असेल हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ते आत्ता आलं, आणि अंग जरा आक्रसलं. पण लगेच दुसरा विचार आला: आता काचेच्या आतल्या बाजूला आपण.

महाडचा काचवाला येऊन खिडकीला तसली काच बसवून गेला. "दिवसाचं काय बी दिसणार नाय आतलं," तो म्हणाला. यातला 'दिवसाचं' हा शब्द मुरारीने वाऱ्यावर सोडला. साहेबलोक बारकाव्यात शिरत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मुरारीच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस सुरू झाले. अख्खी वाडी आरसा बघायला आली. बाया कुंकू नीट करून जाऊ लागल्या. कोंडाजी दाढीचं सामान घेऊन आला आणि गालाला फेस लावून मुरारीच्या नाकासमोर तोंड वाकडंतिकडं करत बसला. प्रयागबाईने जबडा उघडून आपला उरलेला दात सावकाश तपासला. आत खुर्चीत बसून मुरारी हे सगळं बघायचा आणि त्याला भरून यायचं. हेच ते लोक, ज्यांना आपण इतकी वर्षं दबून होतो. आरशासमोर जीभ काढून बघणारे. कोंडाजीच्या कानात केस होते. असा माणूस अध्यक्ष?

संध्याकाळी तर आणखी गंमत व्हायची. दिवा लावला की काच आतूनही आरसा व्हायची. मुरारीला बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त स्वतः दिसायचा, ट्रे घेतलेला. त्याने मनाशी हिशेब केला: आपल्याला ते दिसत नाहीत, म्हणजे त्यांना आपण दिसत नाही. हा हिशेब डोळे मिटून दूध पिणारं मांजरही करतं. उजव्या बाजूने जाताना तो आता काचेत बघून खांदे सरळ करू लागला. नॅपकिनची घडी बदलून पाहिली. एकदा अर्धं पाऊल मागे सरून, कुणी नाही हे बघून, किंचित वाकलाही. साहेबाच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं वाकणं होतं ते. मग ते रोजचंच झालं.

मंजुळा मात्र संध्याकाळची ठेवणीतलं लुगडं नेसू लागली होती. केसांत अबोली. मुरारी मनात म्हणाला, आरसा आला की बाईमाणसाचं हे असंच.

प्रयागबाईच्या ओट्यावरचा बल्बही हल्ली दिवेलागणीला बंद असायचा. म्हातारी वीज वाचवायला लागली म्हणून त्याला बरं वाटलं. आपल्या सहवासाचा परिणाम.

लाइट रोज दुपारची जायची. त्या दिवशी संध्याकाळी गेली, ऐन कप ठेवताना. बैठक दोन दिवसांवर होती. मुरारी अंधारात ट्रे धरून उभा राहिला. तेवढ्यात बाहेर कुणीतरी कंदील लावला, आणि काचेतून सगळं दिसू लागलं.

ओट्यावर अख्खी वाडी बसली होती. पुढे पोरं, मागे बाया, भिंतीला टेकून पुरुष. सगळ्यांची तोंडं खिडकीकडे. मधोमध पाटावर प्रयागबाई, मांडीवर भाजलेल्या शेंगांचं सूप. नमनाच्या खेळाला बसतात तशी बैठक होती, आणि ती एका दिवसात जमलेली नव्हती; जो तो आपापल्या जागी होता.

"गेली गो लाइट," कुणी बाई म्हणाली. "आता वाकायचा होता."

"येल," प्रयागबाई म्हणाली. "शेंगा खा."

मुरारीने मंजुळेकडे पाहिलं. ती अंधारात खुर्चीत ताठ बसली होती.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिसापासून. काकी सांगून गेली, मंजुळे, लुगडं जरा बरं नेसत जा."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मला कुठं सांगितलं, स्टूल हाय म्हणून? डोळे दाखवायला आले तेव्हा दिसलं."

 मुरारीने खाली बसून लपावं म्हटलं तर ट्रे हातात. आणि तेवढ्यात लाइट आली. काच पुन्हा आरसा झाली आणि तीत मुरारीला एक म्हातारा शिपाई दिसला, कप अजून न ठेवलेला. पलीकडे किती डोळे आहेत हे आता त्याला पाठ होतं. त्याने खांदे सरळ केले, उजव्या बाजूने गेला, कप ठेवला, अर्धं पाऊल मागे सरला. वाकला मात्र नाही. तेवढी अध्यक्षपदाची आशा अजून शिल्लक होती.

बाहेरून निराश झालेला आवाज आला. "आज वाकला नाय."

बैठकीत कोंडाजी म्हशीचे दात बघतो तितक्याच गंभीरपणे उभा राहिला. म्हणाला, "अध्यक्ष मीच बसतो, मला दुसरं काय येतंय? पण चहापाण्याचं काम जोखमीचं. पाहुणे येणार, आमदार येणार. त्याला जाणकार मानूस हवा." यावर सगळ्या वाडीने एकदम हात वर केले. काळकाईच्या देवळात इतकं एकमत कधी झालं नव्हतं. प्रयागबाईने दोन्ही हात वर केले होते.

देवळाचा कळस चढला त्या दिवशी मुरारीने मांडवात अध्यक्षाला चहा दिला. उजव्या बाजूने, नॅपकिन हातावर. कोंडाजी खुर्चीत मांडी घालून बसला होता. त्याने कप उचलून सगळा चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि पलीकडच्या रांगेला ऐकू जाईल असा भुरका मारला. थोडा धोतरावर सांडला, तो हाताने पुसला आणि हात खुर्चीला पुसला.

मुरारी अर्धं पाऊल मागे उभा राहून बघत होता. आयुष्यात त्याने एकाहून एक साहेब पाहिले होते; चिडके, कंजूष, बायकोला भिणारे. पण इतका अडाणी साहेब त्याच्या वाट्याला आला नव्हता. मंजुळा बरी, त्याला वाटलं. ती निदान बशीत ओतत नाही.

"साखर कमी हाय रे," कोंडाजी म्हणाला.

"आणतो," मुरारी म्हणाला, आणि कधी नव्हे इतक्या तुच्छतेने, पण पद्धतशीर वाकून, रिकामी बशी उचलून घेऊन गेला.