जिनिव्हाच्या बाईंसाठी पंधरा फूट

जिनिव्हाच्या बाई आमच्या गावात अर्धा तास थांबणार, असा निरोप गेवराईहून आला आणि सुंदररावांनी अख्खं गाव कामाला जुंपलं. कोणत्या देशात लोकांना आपापला धर्म नीट पाळू देतात की नाही, हे सरकारच्या परवानगीनं फिरून बघायचं आणि अहवाल लिहायचा, हे त्या बाईंचं काम. सुंदरराव म्हणजे माजी सरपंच आणि चाळीस एकरांचे मालक. तपासणी म्हटलं की त्यांना शाळेचीच तपासणी ठाऊक. भिंतींना चुना, पाठ केलेली उत्तरं आणि साहेबांना नारळ.

"कुणी काय बी इचारलं तर एकच सांगायचं, काही अडचण न्हाई," त्यांनी पारावर बैठक घेऊन बजावलं. "कल्याणराव, लिंगायतांकडून तुमी बोलायचं."

कल्याणराव म्हणजे मी. माझं किराणा दुकान. सत्त्याण्णव साली गावात पहिला फ्रीज माझ्या दुकानात आला, तेव्हापासून मी गावातला सुधारलेला माणूस. मी मान डोलावली. ती डोलवायची मला जुनी सवय आहे.

अडचण होती आणि ती सुंदररावांनीच करून ठेवली होती. आमच्यात माणूस गेला की त्याला पुरतात, आणि नेतात ते फुलांच्या पालखीत बसवून. आडवा माणूस कुठूनही नेता येतो, बसलेल्याला रस्ता लागतो. आमच्या दफनभूमीचा गाडीरस्ता सुंदररावांनी सहा वर्षांपूर्वी नांगरला आणि तिथं ऊस लावला. तीन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा त्यांना आम्ही त्या उसातून नेलं. पात्यांनी त्यांच्या गालावर ओरखडे उठले. ते आठवलं की अजून माझं डोकं तडकतं. माझी आई, नीलम्मा, तेव्हापासून म्हणायची, "मला त्यांच्या शेजारी ठिवा, पण अशी नेऊ नका." तिला पंचाहत्तरावं लागलं होतं. मी तहसीलला चार अर्ज दिले होते. सुंदररावांना तोंडावर मात्र एक शब्द बोललो नव्हतो.

मग तलाठी मोहनराव नवी बातमी घेऊन आले. बाई जिथं जातात तिथं स्मशानं, कब्रस्तानं, दफनभूमी हटकून बघतात म्हणे.

सुंदररावांचं तोंड एवढंसं झालं. भादव्यातला कोवळा ऊस त्यांनी दोन दिवसांत तोडून म्हशींना घातला. गावाच्या सलोख्याचा एवढा फायदा त्या म्हशींखेरीज कुणाला झालेला मी पाहिला नाही. मोकळ्या पट्ट्यावर मुरूम पडला, कडेनं चुन्याच्या रेघा आल्या, तोंडाशी रांगोळी आली. सहा वर्षांत चार अर्जांनी जे झालं नाही ते न आलेल्या बाईनं करून दाखवलं.

"बाई गेली की सोमवारी परत लावणी," सुंदरराव माझ्याच दुकानात थंड पीत म्हणाले. आई मागं तांदूळ निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं.

बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात चिखलात घालायचे बूट. बरोबर तहसीलदार आणि एक दुभाषी. त्यांनी नारळ घेतला, मारुतीचं देऊळ पाहिलं, मशीद पाहिली आणि दफनभूमीच्या रस्त्याला लागल्या. टोकाशी थांबून त्यांनी मला काहीतरी विचारलं.

"इथं येण्या-जाण्यात तुम्हाला काही अडचण आहे का?" दुभाष्यानं सांगितलं.

सुंदरराव माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. अत्तराचा वास येत होता. मी म्हणालो, "काही अडचण नाही."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. आता हेच छापून येणार आणि सोमवारी इथं उसाचं बेणं पडणार.

तेवढ्यात आई काठी टेकत पुढं आली. "माज्या पोराचं काय लिवता? ह्येचं लिवा," ती म्हणाली आणि तिनं सुंदररावांचं मनगट धरलं. "ह्यो सुंदरराव. आमच्यासाठी उभा ऊस तोडला बघा. रस्ता दिला, कायमचा दिला. असा माणूस तालुक्यात न्हाई."

दुभाष्यानं ते सांगितल्यावर बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी सुंदररावांचा हात हातात घेऊन हलवला, त्यांना रस्त्याच्या मधोमध उभं केलं आणि फोटो काढला. सुंदररावांनी टोपी सारखी केली, छाती पुढं काढली. मग बाईंनी विचारलं, "कायमचा ना?"

सुंदररावांनी रस्त्याकडं बघितलं. मग तहसीलदारांकडं बघितलं. तहसीलदार त्यांच्याकडंच बघत होते.

"व्हय," सुंदरराव म्हणाले. "कायमचा."

ही चांगली गोष्ट नावासकट अहवालात लिहीन, असं बाई म्हणाल्या. तहसीलदारांनी लगेच मोहनरावांना टेप काढायला लावला. रस्ता पंधरा फूट भरला. तिथंच कागद झाला आणि त्यावर सुंदररावांची सही झाली.

गाड्या गेल्यावर सुंदरराव आईजवळ आले. "काकू, लई महागात पाडलं तुमी मला."

"म्या काय केलं? तुज्याबद्दल चांगलंच बोलले की," आई म्हणाली. सुंदरराव चिडायला गेले, पण त्यांना हसूच आलं.

लोक पांगले. आई वडलांच्या समाधीपाशी बसून गवत उपटत होती. मी आनंदानं तिच्याजवळ गेलो.

"आई, कमाल केलीस तू," मी म्हणालो.

"ते ऱ्हाऊ दे. बाईनं आधी तुला इचारलं. तहसीलदार हुता, सगळं गाव हुतं. तू कावून बोलला न्हाईस?"

सुंदरराव बिनसले तर दुकान चालणार नाही, असं मी सांगायला लागलो. सुंदररावांच्या स्वभावाचं सांगितलं. ती गवत उपटत राहिली.

"भ्यालो, आई," मी म्हणालो.

तिनं हातातलं गवत बाजूला टाकलं. "मला न्यायच्या दिवशी तरी भिऊ नको," ती म्हणाली, आणि उठायला माझा हात मागितला.