शेपटीची तुकडी

कोंडाजीच्या घरी चौदा वर्षं पाहुणे येत होते. पण आलेलं माणूस जाऊ नये, असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं.

हरिहरेश्वरला देवळाकडून समुद्राकडे उतरताना 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशी पाटी दिसते, ती त्याची. मुलगा शुभम नोकरीसाठी उलव्याला गेला, तेव्हा नवराबायकोने अर्ज करून प्रतिपालक व्हायचं ठरवलं. म्हणजे ज्या पोराला सांभाळणारं कोणी नाही, ते दत्तक न घेता आपल्या घरी वाढवायचं. गावाने आपलं मत विनामूल्य दिलं. शेजारचा चंदर म्हणाला, "दीड दिवसाचा गणपती आणलास रे, कोंडाजी. जीव लावशील नि पोचवून येशील."

तीन महिन्यांपूर्वी बारा वर्षांची पूनम अलिबागच्या एका संस्थेतून आली. कोंडाजीने बऱ्याच कागदांवर सह्या केल्या. त्यात 'मुलाला कामाला जुंपणार नाही' असं एक वाक्य होतं. बाकीचं तो विसरला, हे मात्र पोथीसारखं पाळलं. पूनमने स्वतःचं ताट उचललं तरी तो धावायचा. सकाळी दार वाजवून विचारायचा, "पोहे की आंबोळ्या? गरम पाणी काढलंय." त्याची बायको मनुबाई दर शनिवारी पूनमच्या उशाशी धुतलेला टॉवेल ठेवायची. माणसाशी चांगलं वागायची हीच एक रीत दोघांना ठाऊक होती, आणि त्या रीतीला नेटवर साडेचार तारे मिळालेले होते.

पूनमही चांगलीच वागली. रोज चादरीची घडी घालून पायथ्याशी ठेवी. पिशवी कायम भरलेली, दाराजवळ. जेवून उठताना म्हणे, "जेवण छान होतं, काकू." शनिवारी येऊन रविवारी जाणारे लोक म्हणतात, अगदी तसंच.

बुधवारी बालकल्याण समितीकडून चौकशीला आलेल्या मॅडमना ती म्हणाली, "सगळं छान आहे. परत कधी जायचं?"

"इथे काय खुपतंय?"

"काही नाही. तिथे मंगळवारच्या पोळ्या माझ्याकडे होत्या. आता कोण लाटत असेल?"

मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं, "सोमवारी समितीपुढे या. ती परत जाते म्हणाली, तर कोणी अडवणार नाही."

"आमचं कमी काय पडलं?" कोंडाजीने विचारलं.

"कमी काहीच नाही. तेच तर."

याचा अर्थ कोंडाजीने आपल्या धंद्याप्रमाणे लावला: सरबराई वाढवायला हवी. रविवारी त्याने भली थोरली सुरमई आणली. पोर राहिली नाही, तरी चव घेऊन जाईल.

त्या घरात माशाचा कायदा ठरलेला होता. मधल्या तुकड्या पाहुण्यांच्या, डोकं कोंडाजीचं, शेपटी मनुबाईची. पूनमला पहिल्या दिवसापासून मधली. रविवारी पुण्याची दहा माणसं जेवायला बसली आणि ऐनवेळी त्यांचा कोणी मेहुणा अकरावा म्हणून उगवला. मनुबाईने तव्याकडे पाहिलं, ताटांकडे पाहिलं, आणि पूनमच्या पानातली तुकडी उचलून मेहुण्याच्या ताटात ठेवली.

"आपण शेपटी निम्मी निम्मी खाऊ गं. घरच्यांना काय, चालतंय."

कोंडाजीच्या हातातला सोलकढीचा जग कलला. "अगं, उद्या समिती हाय!"

"समिती जेवाया बसली हाय का? अकरा पानं हायत. वाढ जा."

पूनमने शेपटीकडे पाहिलं. काटे बाजूला काढत, बोटं चाटत तिने ती संपवली. हात धुतले. मग कोंडाजीच्या हातातून जग घेतला. "काका, सांडताय."

मेहुणा म्हणाला, "बाळ, अजून एक तुकडी मिळेल का?"

"न्हाय. संपली." हुबेहूब मनुबाई. कोंडाजीच्या वाटणीचं सुरमईचं डोकं झाकणाखाली आहे, हे तिला दिसत होतं.

कोंडाजीला कागदावरचं ते वाक्य आठवलं; पण तोवर ती ताटं उचलायला लागली होती.

सोमवारी सकाळी ती दाराजवळची पिशवी काखोटीला मारून निघाली. कोंडाजीने तिकडे बघायचं टाळलं.

अलिबागला समितीतल्या चष्मेवाल्या बाईंनी पूनमला विचारलं, "जेवायला काय देतात?"

"शेपटी," पूनम म्हणाली.

कोंडाजी मध्ये बोलायला पुढे सरकला.

"ती पण अर्धी. आणि डोकं काका एकटेच खातात."

तीन महिन्यांतली ही तिची पहिली तक्रार.

"मग परत जायचंय?"

"शनिवार-रविवारी गर्दी असते. काकूला एकटीला व्हायचं न्हाय."

"आणि मंगळवारच्या पोळ्या?" मॅडमचा अहवाल चाळत बाईंनी विचारलं.

"तिथे बाकीच्या पोरी हायत."

बाईंनी लिहून घेतलं. शेपटी कुठल्या रकान्यात बसवली ते कोंडाजीला कळलं नाही. पण मुक्काम वाढवल्याचा कागद सहीसाठी पुढे आला. त्याने दोनदा सही केली. एकच हवी होती.

परतताना बोर्ली पंचतनच्या बाजारात उतरले. कोंडाजीने सवयीने विचारलं, "काय खाणार? भजी की मिसळ?"

"काकूने लसूण सांगितलाय. तो आधी," म्हणत पूनमने काखेतली पिशवी झटकून उघडली. आत काहीच नव्हतं.

"धरा नीट," ती म्हणाली, आणि लसूणवालीशी भाव करायला पुढे गेली.