अकरा नंबरची जागा

सोलेनने दोन्ही ब्रेक एकदम दाबले. मागे जोडलेली दोन चाकांची छोटी गाडी सायकलला हलकेच धडकून थांबली, आणि आत बसलेल्या तिच्या लेकीच्या, ओर्तांसच्या, हातातलं बिस्किट मांडीवर पडलं.

"का थांबलीस?"

"ऐक जरा."

पुन्हा तेच. डाव्या हाताच्या रानातून, धुक्यापलीकडून, शिंगाचा एकच लांब सूर आला. तो संपतो न संपतो तोच उजवीकडून दुसऱ्या कुणीतरी तो उचलला, मग आणखी लांबून तिसऱ्याने. या सुराचा अर्थ सोलेनला कुणी सांगायला नको होता. सात वर्षं ती या गावची सून होती. एक लांब सूर म्हणजे शिकारीचा हाका सुरू. आता कुत्री सोडतील, हाकेवाले रान झोडपत उताराने खाली येतील, आणि रानडुकरं जिथून निसटू पाहतील तिथे बंदुका उभ्या असतील.

रूळ उखडून डांबर घातलेली ही जुनी रेल्वेची वाट फक्त सायकलींची. दोन्ही टोकांना आडवे दांडे, मोटारीला आत शिरायला जागाच नाही. म्हणून तर ती मुलीला घेऊन इथे येत असे. उन्हाळ्यात सायकलीला चारी बाजूंनी पिशव्या लटकावलेली डच जोडपी दिवसच्या दिवस या वाटेने जात आणि तळलेल्या बटाट्याच्या वासाने स्टेशनातल्या कॅफेपाशी थांबत. नोव्हेंबरच्या रविवारी मात्र चिटपाखरू नव्हतं. त्याच कॅफेतून पेअरचा टार्ट घ्यायचा आणि बाराच्या आत सासऱ्यांकडे जेवायला पोचायचं, एवढाच बेत होता. नवरा, गाएताँ, दुधाच्या टँकरवर गेला होता. गवळ्यांच्या गायींना रविवार नसतो.

हाका असला की मधल्या फाट्यावर पाटी लावतात. पाटी दिसली की लोक मुकाट्याने मागे फिरतात. सोलेन त्याच फाट्यावरून आत आली होती आणि तिला पाटी दिसली नव्हती. शिवाय आजचा हाका नदीपलीकडे ठरला होता. पण पहाटे माग काढणाऱ्यांना डुकरं अलीकडे सापडली की बेत बदलतो, हेही तिला ठाऊक होतं. ठाऊक असून तिने कुणाला विचारलं नव्हतं.

तिने फोन काढून पाहिला. खिंडीत रेंज नव्हती. मागे फाटा अडीच किलोमीटर, पुढे कॅफे जेमतेम एक. शिंग दोन्हीकडून वाजलं होतं. पुढे जाणं शहाणपणाचं होतं.

पुढे वाटेवरून आडवा गेलेला विटांचा पूल होता, आणि पुलापाशी बंदूकवाल्यांची अकरा नंबरची जागा.

या रानात हाका असला की अकरा नंबर तिच्या सासऱ्यांचा, एमेंचा. एमे सत्त्याहत्तर वर्षांचे होते, चढ चढवत नसे, म्हणून सपाटीवरची ती जागा त्यांना कधीची देऊन टाकलेली. सोलेनला धास्ती होती ती त्या जागेची नव्हे. काल संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात ती बशा पुसत असताना त्यांनी पेल्यात वाइन ओतली होती, आणि ती सगळी पेल्याच्या शेजारी पडली होती. टेबलावरून लाल धार खाली येईपर्यंत त्यांना कळलं नव्हतं. तिने फडकं आणलं तेव्हा ते तिच्याकडे बघतच नव्हते. तिच्या कानाच्या जरा बाजूला बघत होते.

"केव्हापासून?" तिने विचारलं होतं.

"नजरेतलं मधलं जातं. कडा दिसतात. कडांवर माणूस बराच काळ जगतो."

"गाएताँला सांगायला हवं, पेपे." ओर्तांस बोलायला लागल्यापासून तीही त्यांना पेपेच, म्हणजे आजोबाच, म्हणत असे.

"सून आहेस, हेर नाहीस. एवढा हंगाम जाऊ दे."

आणि तिने मान हलवली होती. हो म्हणून.

"मामाँ, थंडी वाजते."

सोलेनने गाडीकडे वळून पाहिलं. आठ दिवसांपूर्वीपर्यंत तिच्यावर केशरी निशाण होतं, लवचीक काठीवर फडफडणारं. काठी मोडली, नवी आणायची राहून गेली. आता उरलं होतं ते तपकिरी कापडाचं बुटकं झाकण, गुडघाभर उंचीचं. धुक्यातून हळूहळू पुढे येणारं, जमिनीलगतचं, तपकिरी काहीतरी. तिच्या अंगातला रेनकोटही शेवाळी होता. त्या रंगावर भाळून तिनेच घेतलेला.

"गाणं म्हण," ती म्हणाली. "मोठ्यांदा."

"कुठलं?"

"तुझंच. सूपचं."

"बाहेर ओरडायचं नसतं, तूच म्हणतेस."

"आज ओरडायचं."

परवानगी मिळाल्यावर ओर्तांसने वेळ घालवला नाही. सूपमध्ये गाजर, गाजरामध्ये सूप, मांजराला वाढलं तर मांजर म्हणतं हुप. सोलेनने सायकलची घंटी वाजवायला सुरुवात केली आणि पायडल मारलं. खिंडीच्या दोन्ही भिंती ओल्या होत्या, नेच्यांवरून पाणी ठिबकत होतं. गाणं त्या भिंतींना लागून परत येई आणि कुठून येतंय ते कळेनासं होई. आवाज कुठून येतो हे इथे तिलाच कळत नव्हतं, तर त्यांना कसं कळणार?

पहिली गोळी झाडली गेली तेव्हा ती उजवीकडे, वर, बरीच लांब होती. गाणं थांबलं.

"ते काय?"

"बंदूक."

"आपल्यावर?"

"नाही गं राणी. डुकरांवर. गा तू, थांबू नकोस."

"मग तू का रडतेस?"

"धुकं डोळ्यांत जातंय. गा."

मांजर पुन्हा हुप म्हणालं, पण आता बारीक आवाजात. सोलेनने मग स्वतःच सूर धरला. तिचा आवाज फाटत होता. कुत्र्यांचं भुंकणं जवळ आलं आणि एकाएकी त्याची धार बदलली. जनावर समोर दिसल्यावर बदलते तशी. वाट किंचित वळली. धुक्यात पुलाची कमान काळसर उभी राहिली, आणि कमानीच्या अलीकडे, चाळीसेक पावलांवर, केशरी जाकिटातला एक माणूस.

"पेपे!" ती ओरडली. "पेपे, मी आहे, सोलेन!"

माणसाने डोकं वळवलं. आधी उजवीकडे, मग डावीकडे, ऐकू कमी येणारा माणूस वळवतो तसं. पण एमेंचे कान चांगले होते. ते शोधत होते.

त्याच क्षणी डावीकडच्या उतारावरून झुडपं मोडत दोन रानडुकरं खाली आली. एक मोठं, एक अर्धवट वाढलेलं. सोलेन आणि एमेंच्या मधोमध, डांबरावर खूर घसरवत, ती क्षणभर थबकली आणि मोठं थेट सायकलीच्या दिशेने धावत सुटलं. सोलेनने एमेंची दुनळी बंदूक वर जाताना पाहिली. नळी जनावराबरोबर फिरली, संथ, सवयीने, पन्नास वर्षांच्या सरावाने, आणि फिरत फिरत वाटेच्या सरळ रेषेत आली.

सोलेनने सायकल टाकली. गाडीवर स्वतःला झोकून दिलं, दोन्ही हातांनी झाकण कवटाळलं आणि तोंड त्या तपकिरी कापडात खुपसलं. आतून ओर्तांसचा श्वास तिच्या गालाला गरम लागत होता. डुकराचा वास आला, उग्र, चिखलाचा. काहीतरी जड शेजारून धडधडत गेलं.

गोळी झाडली गेली नाही.

ती किती वेळ तशी होती, तिला सांगता आलं नसतं. डोकं वर काढलं तेव्हा एमे बंदूक छातीशी आडवी धरून चालत येत होते, बुटाच्या टोकाने डांबराची कड चाचपत.

"सोलेन? तूच ना?"

"थांबा. तिथेच थांबा." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "बंदूक खाली करा. मूल आहे इथे. तुम्ही आमच्यावर धरली होतीत, पेपे. आमच्यावर."

ते थांबले. मग त्यांनी अंगठ्याने खटका सरकवला, बंदूक बिजागरीवर मधोमध वाकवून उघडली आणि तिच्यासमोर धरली. दोन्ही नळ्यांमधून पांढरं धुकं दिसत होतं. आरपार.

"काडतुसं नाहीत," ते म्हणाले. "गेल्या हंगामातही नव्हती."

सोलेन त्या दोन पांढऱ्या गोलांकडे बघत राहिली.

"मग येता कशाला?"

"पहाटे कॉफी असते. रेजिस सगळ्यांना जागा वाटून देतो, माझं नाव घेतो. हाका झाला की सगळे विचारतात, एमे, काय रे, पुन्हा चुकला वाटतं नेम? बारा नंबरवरची जिस्लेन तर म्हणते, डुकरांनी तुझा फोटो घरात लावलाय." ते थोडे हसले. "नेम चुकतो म्हणणं बरं पडतं."

सोलेन डांबरावरच बसली. हायसं वाटतंय की संताप येतोय, ते तिला ठरवता येईना. ओर्तांसने झाकणाची चेन आतून उघडली आणि डोकं बाहेर काढलं.

"पेपे, मी गात होते."

"ऐकलं मी. मांजर काय म्हणालं, तेवढं कळलं नाही." मग त्यांचा चेहरा बदलला. "पण तुम्ही इथे कशा? पाटी पाहूनही आत आलात?"

"पाटी नव्हती."

"होती. मीच लावली. सहा वाजता, येता येता. अकरा नंबरवाल्याचंच काम असतं ते. पायाशी दगड लावून पक्की केली."

"फाट्यावर काही नव्हतं, पेपे."

"होतं ना," ओर्तांस म्हणाली. "कोरा फळा होता. त्याला आपल्या बाजूने काठ्या होत्या, दोन. आपण गेल्यावर मी वळून बघितलं तर पलीकडे डुकराचं चित्र होतं. तिकडे, झाडांना दिसेल असं."

वर रानात पुन्हा एक गोळी झाडली गेली, या खेपेला जवळ, आणि लगेच तिच्या पाठोपाठ दुसरी. ती जिस्लेनची, बारा नंबरवरून. तिच्या बंदुकीत काडतुसं होती. सगळ्यांच्याच होती. आणि प्रत्येकजण हेच धरून चालला होता की फाट्यावर पाटी आहे आणि वाटेवर कुणी नाही.

एमेंचे ओठ हलले. त्यांनी उजवा हात समोर धरला आणि बोटं हवेत फिरवली, सहा वाजताच्या अंधारात पाटीवरून फिरवली असतील तशी. सपाट बाजू कुठली, काठ्यांची कुठली, दगड कुठे. मग हात खाली घेतला.

"पुलाखाली चला दोघी," ते म्हणाले. "भिंतीला टेकून बसा."

त्यांनी बंदूक गवतात ठेवली. जाकिटाच्या आतून दोरीला बांधलेलं शिंग काढलं आणि ओठांना लावलं. तीन लांब सूर म्हणजे जिथल्या तिथे थांबा, बंदुका रिकाम्या करा. माणूस जखमी झाल्याशिवाय ते कुणी वाजवत नाही, आणि जो वाजवतो त्याला सगळ्यांसमोर कारण द्यावं लागतं. सोलेनने इतक्या वर्षांत हे तीन सूर एकदाही ऐकले नव्हते.

पहिला सूर फाटला. दुसरा सरळ गेला. तिसरा त्यांनी इतका लांबवला की मानेच्या शिरा फुगल्या. लांबून कुणीतरी तो उचलला, मग आणखी कुणीतरी. कुत्र्यांना हाका मारल्या गेल्या. मग रान गप्प झालं.

सोलेन बोगद्यासारख्या कमानीखाली बसली. ओर्तांस तिच्या मांडीवर, रेनकोटाच्या आत. मुलीचं हृदय तिच्या तळहाताखाली टकटक करत होतं. तिथूनच तिने शिकाऱ्यांना येताना पाहिलं. धुक्यातून एकेक केशरी ठिपका उतरत होता, प्रत्येकाची बंदूक तशीच उघडी करून खांद्यावर टाकलेली. सगळ्यांत आधी जिस्लेन, धापा टाकत.

"एमे? कोण पडलं? तू बरा आहेस ना? की झोपेत वाजवलंस, म्हाताऱ्या?" मग तिला गाडी दिसली, आडवी पडलेली सायकल दिसली, आणि पुढचं वाक्य तिने गिळलं.

पाठोपाठ रेजिस आला, हाक्याचा म्होरक्या, चेहरा लालबुंद.

"कुणी वाजवलं?"

"मी," एमे म्हणाले.

"का?"

वाटेभर माणसं जमली होती. कुणी हलत नव्हतं. एमेंनी टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि उत्तर द्यायला मान वर केली. ते बघत होते ते रिकाम्या धुक्याकडे, रेजिसपासून तीन पावलं डावीकडे.

सोलेन उठली. ओर्तांसला कडेवर घेऊन ती कमानीखालून बाहेर आली, त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली, आणि त्यांची बाही धरून तिने त्यांना किंचित उजवीकडे वळवलं.