पहिला नंबर

धाकटी परदेशातल्या निर्वासितांच्या छावणीत सेवा करायला निघाली, तेव्हा थोरल्या बहिणीने टोमणा मारलाच. "घरात स्वतःचं ताट उचलत नाहीस, आणि जगाची उष्टी काढायला निघालीस?" ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. त्यामुळे आल्यापासून हातात काम नसलं की ती शोधून काढी. पांघरुणं वाटून झाली की पिंपं घास, पिंपं झाली की तंबूंचे दोर आवळ. छावणीच्या प्रमुखाला ती मनातल्या मनात मुकादम म्हणे. तो हसून म्हणाला, "अगं, जरा दम खा. छावणी काही पळून जात नाही."

एका संध्याकाळी नव्या माणसांचा ट्रक आला. त्यातून उतरलेल्या एका बाईने जमिनीला पाय लागताच फोन कुठे आहे ते विचारलं. धाकटीला तिची भाषा येत नव्हती. छावणीतच राहणारे एक म्हातारे शिक्षक दुभाष्याचं काम करत, त्या मास्तरांनी सगळं समजावलं. बाईचा नवरा मागे गावातच राहिला होता. पाय मोडलेला, चालता येत नव्हतं. शेजारी उद्या दुपारी आपल्या गाडीने निघणार होता, आणि गाडीत एक जागा होती. पण नवरा हटून बसला होता, बायको सुखरूप पोहोचल्याचं तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय घर सोडणार नाही म्हणून. त्याच्याकडे फोन नव्हता. शेजाऱ्याकडे होता.

छावणीत मोबाइलला रेंज नव्हती. सगळ्यांना मिळून एकच फोन, तोही एका तंबूत, आणि त्या दिवसापुरता बंद झालेला. धाकटीने बाईचे हात धरले. "मावशी, उद्या तुम्हीच पहिल्या. मी आहे ना." मास्तरांनी ते सांगितलं. मावशी पहिल्यांदाच हसली आणि तिने धाकटीच्या गालावरून हात फिरवला. मग तंबूतल्या शेजारणींनी तिला कुठेतरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी छावणी पावाच्या रांगेला गेली होती. धाकटी फोनच्या तंबूकडे आली, तर दारासमोर हा पसारा! दगड, फाटकी चप्पल, रिकामी बाटली, एक तुटका डाव, चिंधी बांधलेली काडी. मावशी येणार, आणि दारात हे असलं? तिने झाडू घेतला आणि जमीन लख्ख करून टाकली. पोतं भरून कचऱ्याच्या खड्ड्याशी नेऊन ठेवलं. आज थोरलीने पाहायला हवं होतं, असं तिला वाटलं.

ती रांग होती. उन्हात ताटकळत कोण उभं राहणार, म्हणून प्रत्येकाने आपली एक वस्तू आपल्या जागी ठेवलेली. छावणीत चोऱ्या होत, भांडणं होत, पण नंबराच्या वस्तूला कोणी बोट लावत नसे. नव्या मुलीला हे सांगायला हवं, असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. आणि धाकटी तरी काय! गल्लीत टँकर यायचा तेव्हा बादल्यांची रांग तिने लहानपणापासून पाहिलेली. पण बादलीत तिला माणूस दिसायचा, दगडात दिसला नाही.

पाव घेऊन माणसं परतली आणि एकच गोंधळ उडाला. जो तो म्हणे, माझा नंबर आधी. धाकटीने धावत जाऊन पोतं आणलं, जमिनीवर ओतलं आणि एकेक वस्तू मांडू लागली. कोणती कुठे होती, ते तिला आठवेना. तुटका डाव मावशीचा होता, सगळ्यांत पुढे ठेवलेला. आदल्या संध्याकाळीच शेजारणींनी तिला नंबर लावायला शिकवलं होतं.

"हिला आधी सोडा, पाया पडते," धाकटी मुकादमाला म्हणाली.

"इथे प्रत्येकाचं कोणीतरी मागे राहिलंय," तो म्हणाला. "कोणाला थांबवू, तू सांग."

दांडगे पुढे घुसले. मावशीला धक्काबुक्की जमेना. प्रत्येकाचं बोलणं संपता संपत नव्हतं, आणि कोणाच्या हातून फोन हिसकावून घेण्याची धाकटीला हिंमत झाली नाही. सूर्य डोक्यावर आला, कलला, आणि मग कुठे मावशीच्या हाती फोन आला.

शेजाऱ्याने उचलला. मावशी घाईघाईने बोलली, मग नुसती ऐकत राहिली. मास्तरांना पलीकडचा आवाज ऐकू येत होता. धाकटीने त्यांची बाही ओढली.

"शेजारी वाटेत आहे," मास्तर हळूच म्हणाले. "मागे रस्ता बंद झालाय, परतता येत नाही. तिचा नवरा सकाळपासून त्याच्या दारात बसून होता. दुपार टळली, तेव्हा नवरा म्हणाला, ती वाटेतच मेली असणार. शेजाऱ्याने चल म्हटलं, हात धरून ओढलं, पण तो आला नाही. ती नाही तर मी कुठे येऊ, म्हणाला."

मावशीने फोन खाली ठेवला. रडली नाही. धाकटीच मेल्याहून मेल्यासारखी झाली होती. गप्प राहिली असती तर मावशीला कधी कळलंही नसतं, पण तेवढं तिच्याने होईना.

"मास्तर, त्यांना सांगा. रांग मी झाडली. मला कचरा वाटला."

 मास्तरांनी सांगितलं. मावशीने धाकटीला आपादमस्तक न्याहाळलं, जणू आत्ताच पहिल्यांदा पाहत होती, आणि काहीतरी विचारलं.

"घरी कोण कोण आहे, विचारते."

"सगळे आहेत," धाकटी कशीबशी म्हणाली. "आई, बाबा, बहीण."

मावशीने आणखी एक प्रश्न विचारला. तोही मास्तरांनी सांगितला.

"त्यांना ठाऊक आहे ना, तू जिवंत आहेस?"

धाकटीने होय म्हणून मान हलवली. मावशीनेही हलवली, आणि मागच्या माणसाला जागा करून देत ती तंबूबाहेर गेली.