दोन तास दहा मिनिटं

मित्रांनो, स्वतःचं काम असलं की दिल्ली दोन तासांवर आणि आईचं काम असलं की दिल्ली लांब, असं म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी सुधन्वा म्हणते. त्याचं नावच ते आहे.

मी एक जुनी, निळी, चाकांची बॅग. श्यामकांतरावांनी मला करोल बागेतून आणलं, तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "साहब, ये आपसे ज़्यादा चलेगी." मेल्याची वाणी खरी ठरली. साहेब गेले. मयूर विहारच्या घरात त्यांची अलकनंदाबाई आणि मी उरलो. मुलगा सुधन्वा पुण्यात.

माझं शिक्षण सहा अक्षरांचं. विमानतळावर माझ्या मुठीला चिठ्ठी बांधतात, तिच्यावर तीन दिल्लीची, तीन पुण्याची. तेवढ्यावर माझं भागतं.

नात तनया झाली, तेव्हा फोन आला. "आई, ये ना! दोन तास दहा मिनिटांचं तर विमान." माझ्या पोटात डिंकाचे लाडू, झबली, टोपडी. तीन महिने राहिलो. तनयाला कांजिण्या आल्या, पुन्हा दोन तास दहा मिनिटं. तिला सांभाळणारी बाई पळाली, पुन्हा तेच. सून उत्तरा म्हणायची, "आईंची बॅग किती मजबूत!" आणि मला गॅलरीत, गळत्या वॉशिंग मशीनशेजारी ठेवायची. तनयानं माझा घोडा केला, एक चाक मोडलं. पोर आहे ती, तिच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो दोन वर्षांपूर्वीचा. अलकनंदाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांनी जन्मात पहिल्यांदा मुलाला "ये" म्हटलं. सुधन्वा म्हणाला, "एवढ्या लांब? दोन तास आधी विमानतळावर जा, उतरल्यावर तासभर टॅक्सी, त्यात तुमचं धुकं. अख्खा दिवस जातो यार आई!" औषधाचे थेंब घातले ते शेजारच्या शालिनीनं. बाई रडल्या नाहीत. पट्टी ओली करायची नव्हती. मी मात्र डूख धरला.

मित्रांनो, घरातली जुनी बॅग अधूनमधून खाली उतरवा, पुसा, उन्हात ठेवा. कामापुरतीच काढलीत तर ती काय करते, ते ऐका.

परवा सुधन्वा स्वतः आला. उत्तराला तीन महिने ऑफिसच्या कामाला परदेशी जायचं होतं. "आई, चलो, तुला न्यायलाच आलोय!" त्यानं मला माळ्यावरून ओढलं. मी दोन वर्षांची धूळ त्याच्या पांढऱ्या शर्टावर ओतली. त्यानं घाईघाईनं साड्या कोंबल्या. मी एक पदर चेनच्या दातांत धरला आणि सोडला नाही. त्यानं हिसका दिला, चेनची पट्टी त्याच्या हातात आली.

"गेली बिल्कुल! नवीन घेऊ."

बाईंनी पदर हळूच सोडवला. एकेक साडी काढून कपाटात ठेवली.

"किती वेळ लागला रे यायला?"

"दोन तास दहा मिनिटं! वेळेआधीच उतरलो."

"म्हणजे रस्ता ठाऊक आहे तुला. माझ्या डोळ्यावर पट्टी होती, तेव्हाही हेच विमान उडत होतं. तुला यायला दोन वर्षं लागली, सुधन्वा. मलाही तेवढीच लागतील. तिकीट त्या तारखेचं काढ."